हातांची आवड

मननासाठी शास्त्रभाग : नीतिसूत्रे ३१:१०-३१, निर्गम ३५:२०-२९



नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे वर्णन आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. विवाहविधीत ते वाचतात, मातृदिनाच्या उपासनेत वाचतात, आणि मंडळीतील एखादी वृद्ध भगिनी प्रभूकडे गेली म्हणजे तिच्या अंत्यविधीच्या वेळीही बहुधा हाच भाग उघडला जातो. आम्ही स्वतः तो किती वेळा वाचला असेल ह्याचा हिशेब नाही. पण इतक्या वेळा वाचूनही तेराव्या वचनातील एका शब्दाकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. ते एका आजीबाईंमुळे गेले, आणि तेही आमच्या हातून चूक झाल्यावर. म्हणून आधी ती चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही माळव्याच्या बाजूला एका लहान मराठी मंडळीत सेवेस होतो. चाळीसपन्नास घरांची मंडळी. बहुतेकांचे आजे-पणजे रेल्वेत, गिरणीत किंवा मिशनच्या इस्पितळात नोकरी धरून नगर-जालन्याकडून तिकडे गेलेले. घरात मराठी, दारात हिंदी. विणायच्या सुयांना तिकडे सलाया म्हणतात आणि टाक्याला फंदा. आमच्या कानांना हे प्रथम नवे वाटे. डिसेंबर-जानेवारीत तिकडे थंडी चांगली पडते, त्यामुळे दिवाळी झाली की ओसरीओसरीवर लोकरीचे गुंडे दिसू लागतात.

त्या मंडळीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन तीस वर्षे झालेली. मुलगा दूर नोकरीला. आजी बुधवारच्या प्रार्थनासभेला सर्वांच्या आधी येत, भिंतीला टेकून बसत, आणि पहिले गीत संपले की पिशवीतून लोकर व सलाया काढून विणू लागत. इकडे आम्ही वचन समजावून सांगत असू आणि तिकडे सलायांची टिकटिक चालू असे. आम्हाला ते खटकत असे. दोघा वडिलांनीही ते आमच्या कानावर घातले होते. शेवटी एका बुधवारी सभा सुटल्यावर आम्ही त्यांना म्हणालो, "आजी, देवाच्या वचनाच्या वेळी तेवढे विणकाम खाली ठेवत जा."

त्यांनी वाद घातला नाही. "बरं पाळकसाहेब," एवढेच म्हणाल्या. पुढच्या बुधवारपासून पिशवी घरी राहिली. आजी हात मांडीवर ठेवून बसू लागल्या, आणि दहापंधरा मिनिटांत त्यांची मान छातीवर येऊ लागली. सभेची शिस्त राखली गेली ह्याचे आम्हाला समाधान होते. वृद्ध माणसाला डुलकी यायचीच, असे आम्ही मनाशी म्हटले.

महिन्याभराने आम्ही त्यांच्या घरी भेटीला गेलो. चहा झाल्यावर आजी म्हणाल्या, "पाळकसाहेब, रागावू नका, पण ह्या महिन्यात तुम्ही काय सांगितलंत ते मला काही सांगता यायचं नाही." मग त्यांनी आतून एक जवळजवळ पुरा झालेला स्वेटर आणला आणि मांडीवर पसरला. "ही पाठ घातली तेव्हा तुम्ही रूथ लावली होती. बवाज शेतावर येतो तिथं बगलेचे फंदे कमी केले. ह्या बाहीला योना. तो माशाच्या पोटात आणि माझे इथं दोन फंदे सुटलेले. त्याचे तीन दिवस झाले तरी माझे सापडेनात." असे म्हणून त्या हसल्या. आम्ही तीन महिन्यांपूर्वी जे सांगितले होते ते त्या स्वेटरावर बोट ठेवून एकेक करून सांगत होत्या. आमच्या टिपणवहीतही इतके नव्हते.

आम्ही विचारले, "हा कोणासाठी विणता, आजी?" मनात होते की अनाथालयासाठी म्हणतील, किंवा हंगामाच्या सणाच्या लिलावासाठी. आजी ओशाळल्या. म्हणाल्या, "कोणाचं तरी होईल. पण खरं सांगू? विणायला बरं वाटतं म्हणून विणते. पाप आहे का हो ते?"

त्या दिवशी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

प्रश्न साधा नाही. आपल्या मंडळ्यांना कष्टाचे शिक्षण मिळालेले आहे आणि त्याबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात निराधार स्त्रियांना विणकाम, शिवण, छपाई असे नाना उद्योग शिकवले, ते त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून. ठिकठिकाणच्या मंडळ्यांत भगिनींची दुर्कस मंडळे निघाली ती गरिबांना वस्त्रे मिळावीत म्हणून. हे सर्व उत्तम. पण ह्यातून आपल्या मनाला एक सवय लागली. हाताचे काम म्हटले की आपण लगेच विचारतो, ह्याचा उपयोग काय, ह्याचे पैसे किती येतील, हे कोणाला द्यायचे. ह्यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नसले तर ते काम म्हणजे वेळेचा अपव्यय. मग एखादी बहीण सुयांवर लोकर घेऊन केवळ सुखाने बसली असेल तर ते सुख तिला लपवावेसे वाटते. आजींना वाटले तसे.

घरी येऊन आम्ही सेमिनरीत शिकलेले थोडेफार इब्री पुन्हा झाडून काढले आणि नीतिसूत्रांचा तो अध्याय लावला. तेराव्या वचनात ती स्त्री लोकर आणि जवसाचा ताग मिळवते आणि हातांनी काम करते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ते काम ती कसे करते हे सांगताना तेथे 'हेफेत्स' हा शब्द आहे. हेफेत्स म्हणजे आवड, संतोष, मनाची ओढ. हातांचा हेफेत्स. त्या स्त्रीच्या हातांनाच कामाची आवड आहे, हात आनंदाने ते करीत आहेत, असा त्या शब्दांचा अर्थ होतो. यशयाच्या ६२व्या अध्यायात परमेश्वर सीयोनेला हेफसीबा असे नाव देतो, त्यात हाच शब्द आहे. आणि पहिल्या स्तोत्रातील धन्य पुरुषाला परमेश्वराच्या नियमशास्त्रात जो संतोष वाटतो, त्या संतोषालाही मूळ शब्द हाच आहे.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. नियमशास्त्रावर मनन करणाऱ्याच्या आनंदाला जो शब्द, तोच लोकर हाताळणाऱ्या बाईच्या हातांना. आणि आम्ही एकीला दुसऱ्यासाठी जागा करायला सांगितली होती.

कोणी म्हणेल, पाळक सुतावरून स्वर्ग गाठत आहेत. एका शब्दावर केवढी इमारत! हा आक्षेप योग्य आहे, म्हणून दुसरा भागही पाहू या. निर्गमच्या ३५व्या अध्यायात निवासमंडपाचे काम निघते. सोने, रुपे, रत्ने, सुगंधी द्रव्ये ह्यांची यादी आपण नेहमी वाचतो. त्या यादीत २५ आणि २६ ह्या वचनांत कातणाऱ्या स्त्रिया आहेत. कुशल स्त्रियांनी आपल्या हातांनी निळे, जांभळे, किरमिजी सूत आणि तागाचे सूत कातून आणले, आणि ज्यांच्या अंतःकरणाला स्फूर्ती झाली त्यांनी बकऱ्यांचे केस कातले. बकरीचे केस कातणे हे कापसासारखे नव्हे. केस राठ, निसरडे, हातात न टिकणारे. त्याचे ११ पडदे करायचे होते, प्रत्येक ३० हात लांब आणि ४ हात रुंद. मंडपावरचे हे तंबूचे आच्छादन. आतल्या जांभळ्या-किरमिजी पडद्यासारखे ते दिसायला सुंदर नव्हते. ह्या कामाला कोणावर सक्ती नव्हती. मनाने उचल घेतली त्या बसल्या. आणि पुढच्या अध्यायात काय झाले? लोकांनी इतके आणले की मोशेला छावणीत दवंडी पिटवावी लागली, आता पुरुषाने वा स्त्रीने अधिक काही करू नये. आमच्या माहितीत मंडळीच्या खजिनदाराने अशी दवंडी कधी पिटलेली नाही.

ह्याच्या उलट काय होते ते पाहायला बेळगावकडे यावे. तेथील वाचकांना हा इतिहास आमच्याहून अधिक ठाऊक असेल. डिसेंबर १९२४मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. त्यात असा नियम झाला की सभासदाने दरमहा २००० वार सारखे सूत स्वतः कातून द्यावे. आजारी असेल किंवा इच्छा नसेल तर तितकेच सूत दुसऱ्याने कातलेले चालेल, अशी सवलत त्यात होती. मग अनेकांनी काय केले असेल हे आपण ओळखलेच असेल. सूत विकत घेऊन भरणा केला. वर्ष पुरे व्हायच्या आत, सप्टेंबर १९२५मध्ये पाटण्याला तो नियम सैल करावा लागला आणि पुन्हा चार आण्यांची वर्गणी चालू झाली. राजकारण हा आमचा विषय नाही. गांधीजी स्वतः रोज नेमाने कातीत असत, त्यांना चरख्यावर शांती मिळत असे हे सर्वश्रुत आहे. पण एकाच्या हातांची आवड हुकमाने दुसऱ्याच्या हातात उतरत नाही, हे बेळगावच्या त्या २००० वारांनी दाखवले.

आणि तो चरखा मुळात सापडला कसा, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९१७ साली भडोचच्या शिक्षण परिषदेत गांधीजींना गंगाबेन मजमुदार नावाच्या बाई भेटल्या. हातचरखा शोधून काढण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. गुजराथभर हिंडून अखेर बडोदे संस्थानातील विजापूर येथे त्यांना चरखे मिळाले. एक-दोन नव्हे, पुष्कळ घरांत होते. पण निरुपयोगी म्हणून माळ्यावर टाकून दिलेले. पेळू कोणी नियमित पुरवले आणि सूत विकत घेतले तर आम्ही पुन्हा कातू, असे त्या घरांतील लोक म्हणाले. म्हणजे हात विसरले नव्हते. फक्त कोणी विचारले नव्हते.

आमच्या वयाच्या पुष्कळांनी लहानपणी शाळेत टकळी फिरवली आहे. तेव्हा तो तास आम्हाला शिक्षा वाटे, कारण गुरुजी सूत मोजून गुण देत. (मराठीत फार बोलणाऱ्याची टकळी चालू आहे असे म्हणतात. आमच्या वर्गात दोन्ही टकळ्या चालत, आणि जिभेची कधी तुटत नसे.) आजींच्या घरून परत आल्यावर आम्ही एका ओळखीच्या खादी भांडारातून टकळी आणि पेळू आणले. पन्नासेक वर्षांनी बोटांनी पुन्हा कापूस धरला.

ज्यांनी कधी कातले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कापसाचा तंतू जेमतेम बोटाच्या पेराएवढा. एकेक तंतू काढला तर फुंकरीने उडेल. पण टकळी फिरते, पीळ वर चढत जातो, डाव्या हाताने पेळू हळूच मागे ओढायचा, आणि ते आखूड तंतू एकमेकांना धरून ठेवू लागतात. पीळ कमी पडला तर धागा हातातच विरतो. जास्त झाला तर वेटोळी पडतात. किती पुरे हे सांगता येत नाही, चिमटीला कळते. आणि धागा तुटला तर गाठ मारायची नसते. तुटलेले टोक थोडे उकलायचे, पेळूचे तंतू त्यावर ठेवायचे, आणि पुन्हा पीळ द्यायचा. जोड नीट बसला तर पुढे तो सापडत नाही. आमचे पहिल्या दिवशीचे सूत दोरखंडासारखे निघाले. आठ दिवसांनी सुतळीसारखे. पण संध्याकाळी त्या अर्ध्या तासाची आम्ही वाट पाहू लागलो, हे कबूल केले पाहिजे. मंडळीतील भांडणे, थकलेली दुरुस्तीची बिले, आजाऱ्यांची चिंता, ही सर्व त्या वेळात तेथेच असत, पण बोटांना काम असले की ती खोलीच्या कडेला बसून राहत.

दोन सुयांच्या विणकामाचे सुख वेगळ्या जातीचे. त्यात एकच धागा असतो. मागावरच्या कापडात उभे धागे निराळे, आडवे निराळे. सुयांवर मात्र एका धाग्यातून फास काढायचा, त्यातून दुसरा, आणि असे करीत अंग झाकेल एवढे वस्त्र होते. पाठीला १०० टाके आणि १४० ओळी धरल्या तर १४,००० टाके झाले. पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या मिळून चाळीस हजारांवर जातात. आणि एका वेळी एकच टाका घालता येतो. श्रीमंताला दोन घालता येत नाहीत. टाका सुटला तर शिडीसारखा खाली उतरत जातो, तो क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर आणावा लागतो. चूक फार खाली असेल तर उसवावे लागते. उसवताना मन दुखते. पण लोकर जात नाही. उसवलेली लोकर कुरळी होते, तिची लडी करून धुवावी, ओझे लावून वाळत टाकावी, की पुन्हा सरळ होते. फार बहिणींनी थोरल्याचा स्वेटर उसवून त्याच लोकरीत धाकट्याचा घातला आहे, आणि धाकट्याला ते कधी कळूही दिले नाही.

येथे आमच्या रविवार शाळेच्या शिक्षकांसाठी एक खुलासा. सुयांवरचे विणकाम पवित्र शास्त्रात कोठेच नाही. कातणे आहे, मागावर विणणे आहे, शिवणे आहे. सुयांवर विणलेले जुन्यात जुने मोजे मिसर देशात मिळाले आहेत, पण ते प्रभूच्या काळानंतर फार शतकांनी केलेले. आपल्या मराठीत विणकाम हा एकच शब्द दोन्हीला असल्यामुळे मुलांचा घोटाळा होतो. असा घोटाळा चित्रकारांनीही केला आहे, आणि फार गोड केला आहे. जर्मनीतील बुक्स्टेहुडे येथल्या वेदीसाठी सुमारे १४०० साली मास्टर बर्ट्राम ह्या चित्रकाराच्या हाताखाली काढलेल्या चित्रांत पवित्र मरीया बसून सुयांवर एक लहान अंगरखा गोल विणीत आहे आणि बाळ येशू जवळ आहे. हे चित्र आता हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. योहानाच्या १९व्या अध्यायातील बिनशिवणीच्या अंगरख्याची आठवण चित्रकाराच्या मनात असावी.

त्या अंगरख्यापाशी जरा थांबू या. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने रानातील फुले दाखवून म्हटले की ती कष्ट करीत नाहीत आणि कातीतही नाहीत. काही जण ह्यावरून म्हणतात, प्रभूला कातणे कमी प्रतीचे वाटत होते. तसे नाही. तो काळजी करू नका असे सांगत होता, हात जोडून बसा असे नव्हे. हे बोलताना त्याच्या अंगावर जे वस्त्र होते त्याचे सूत कोणीतरी कातले होते. त्याचा जो अंगरखा वधस्तंभापाशी राहिला, तो वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला होता. कोणी विणला ते योहान सांगत नाही. पण तो इतका नीट विणलेला होता की शिपायांना, त्या शिपायांनासुद्धा, तो फाडवेना. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्या हातांनी तो विणला त्यांची आवड वधस्तंभाच्या पायथ्याशीही कळून आली.

जुन्या करारात आणखी एक अंगरखा आहे. पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात, १९व्या वचनात, हन्ना दर वर्षी एक लहानसा झगा करून शिलोला नेते. मुलगा तेथे मंदिरात, ती इकडे. वर्षातून एकदा भेट. मग झग्याचे माप ती कसे घेत असेल? शास्त्र सांगत नाही. पण ज्या बहिणींची मुले बोर्डिंगात राहिली आहेत त्यांना हे सांगावे लागणार नाही. मागच्या भेटीतली उंची आठवायची, शेजारचा त्याच वयाचा मुलगा उभा करून पाहायचा, आणि दोन बोटे जास्त धरायची. त्या दोन बोटांत आईचे सगळे वर्ष असते. हन्नाला मुलगा देवाला दिल्याचे दुःख होते की नाही, ह्यावर आम्ही पूर्वी मोठमोठी प्रवचने केली आहेत. आता वाटते, तिला तो झगा करताना सुखही होत असेल, आणि त्या सुखाने तिचे वर्ष निभावत असेल. उपयोग म्हणाल तर मंदिरात वस्त्रांचा तोटा नव्हता.

मग यंत्राचे काय, असे तरुण विचारतात. बाजारात तयार स्वेटर लोकरीच्या किमतीत मिळतो. खरे आहे. गंमत अशी की विणण्याचे पहिले यंत्र केले तेही एका पाळकाने. विल्यम ली, नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावचा, १५८९ साल. यंत्राला आमचा विरोध नाही. पोटासाठी रात्रंदिवस मोजे विणणाऱ्यांचे डोळे त्याने वाचवले असतील. बेळगाव भागातील धनगर-कुरुबरांच्या बाया आजही काळी राठ लोकर कातून देतात, तिचे घोंगडे होते, त्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यांच्यापुढे जाऊन हातकामाचा आनंद म्हणून भाषण करण्याचे धैर्य आमच्यात नाही. त्यांना आधी मालाचा योग्य भाव मिळाला पाहिजे. आम्ही बोलतो ते त्या घटकेविषयी, जी दिवसाच्या शेवटी आपल्या प्रत्येकाच्या हातात उरते. हल्ली ती बहुतेक फोनकडे जाते. आमचीही जाते.

रविवारचा प्रश्न काही जुन्या मंडळींत अजून निघतो. आमच्या लहानपणी रविवारी सुईला हात लावू देत नसत, आणि आमची आजी शनिवारी रात्री अर्धी ओळ टाकून सोमवारची वाट पाही. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायाप्रमाणे ह्यात ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. आम्ही कोणाला घालून देणार नाही. एकदा घालून दिले ते पुरे झाले.

शिक्षकांना मात्र आग्रहाने सांगतो. निर्गम ३५ शिकवताना चित्र दाखवून थांबू नका. वर्गात टकळी आणि मूठभर पिंजलेला कापूस न्या. प्रत्येक मुलाला वीतभर सूत काढू द्या. तुटेल, तुटू द्या. मुलगे हसतील की हे बायकांचे काम. त्यांना सांगा की पौल राहुट्या करीत असे, आणि युरोपात एके काळी सुयांवर विणणाऱ्यांचे जे संघ होते त्यांत पुरुषच कारागीर असत. गुण देऊ नका. सूत मोजू नका. आमच्या गुरुजींनी मोजले आणि पन्नास वर्षे फुकट गेली.

आता आजींचे सांगायचे राहिले. तो शब्द सापडल्यावर पुढच्या बुधवारी आम्ही सभेत उभे राहून त्यांची क्षमा मागितली, आणि नीतिसूत्रांचे तेरावे वचन लावले. आजींनी मान खाली घातली. पण त्यानंतरच्या बुधवारी पिशवी आली, आणि टिकटिक सुरू झाली. थोड्याच दिवसांत दोनतीन मुली त्यांच्याजवळ सरकून बसू लागल्या. आमच्या दोघा वडिलांपैकी एकाने नंतर कधीतरी कबूल केले की त्यांना तो आवाज नसला की आता चुकल्यासारखे होते.

दोन वर्षांनी, नोव्हेंबरच्या अखेरीस, आजी झोपेतच प्रभूकडे गेल्या. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा शेजारच्या बायका त्यांची पेटी उघडून बसल्या होत्या. टोपरी, मोजे, गळपट्टे, लहान स्वेटर एकामागून एक बाहेर येत होते, आणि प्रत्येकीला काही ना काही सांगायचे होते. यापोच्या माडीवर दुर्कशीच्या वस्त्रांभोवती रडणाऱ्या विधवांचे वर्णन आम्ही लुकाच्या लेखणीतून वाचले होते, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. खाटेजवळ पिशवीत सलायांवर एक काम अर्धे होते. तपकिरी लोकरीचा लहान मुलाचा स्वेटर. पाठ, पुढचा भाग आणि उजवी बाही झालेली. डावी बाही कोपरापर्यंत आलेली.

ते काम रविवार शाळेतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने मागून नेले. आजींचा हात घट्ट, तिचा सैल. कोपरापर्यंतचे टाके बारीक आणि सारखे, तेथून पुढचे मोठे. आईने तिला उसवून पुन्हा घाल म्हणून सांगितले, पण नाताळ जवळ आला होता.

त्या वर्षी नाताळच्या नाटुकलीत मेंढपाळ झालेल्या सर्वांत लहान मुलाने तो स्वेटर घातला होता. गव्हाणीपुढे गुडघे टेकताना त्याची डावी बाही सारखी हातावर उतरत होती, आणि तो ती सारखी वर सारत होता.